नानांचं कार्ड, मावशींचे कान

नाना शहाणे होते की खुळे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मी ज्युनिअर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. व्याज, मुदत, हप्ता हे शब्द माझ्या तोंडात रोज घोळतात, फळ्यावरची उदाहरणं मी न बघता सोडवतो. तरीही नानांच्या क्रेडिट कार्डाचं प्रकरण आठवलं की माझं डोकं चालेनासं होतं. चूक कुणाची असं विचाराल तर बहुतेक माझीच, पण नेमकं कुठं चुकलं ते बोट ठेवून सांगता येत नाही.

कोंडिबा नाना पैठणकडच्या कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे चारीचं दार उघडून कुणाच्या शेताला किती वेळ पाणी जाणार हे सांभाळणारा माणूस. मूळचे कन्नड तालुक्यातल्या मेंढपाळ घरातले. रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले, तीस-बत्तीस वर्षं लोकांच्या पाण्याच्या पाळ्या लावल्या आणि निवृत्त झाल्यावर शहरात, सिडको वसाहतीत, आमच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं. आमच्याकडे नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. त्यामुळे नाना राहायला आले आणि गल्लीला वाली मिळाला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाशी त्यांचं पहिल्याच आठवड्यात मेतकूट जमलं. त्यांच्या हातात खुणा पाडलेली बांबूची काठी असायची. ती ते न विचारता कुणाच्याही हौदात बुडवायचे आणि "अडीच दिवसाचं हाय, धुणं उद्या काढा" असा हुकूम सोडायचे. बायका मुकाट्यानं धुणं उद्यावर टाकायच्या.

माझी आणि त्यांची ओळख भांडणातूनच झाली. मी नवीन मोटर आणून थेट नळाला लावली होती. गल्लीत निम्मे लोक लावतात. नाना आत आले, मोटरचं बटण बंद केलं आणि माझ्याच पलंगावर बसून म्हणाले, "सर, तुम्ही पोरांना हिशोब शिकवता अन् शेजारच्याचं पाणी वढता व्हय?" मला राग आला, तरी मी मोटर काढली. ती त्या दिवसापासून माळ्यावरच राहिली. आणि का कोण जाणे, त्यानंतर कागदपत्राचं कुठलंही काम निघालं की नाना माझ्याकडेच यायला लागले. पेन्शनचा हयातीचा दाखला, गॅसचं पुस्तक, आलेली प्रत्येक नोटीस. सरांनी सांगितलं म्हणजे ते पक्कं, अशी त्यांची समजूत होती. ही समजूत मला सुखावायची, आणि तिथंच घात झाला.

नाना मोठ्यानं बोलायचे. किती मोठ्यानं, तर त्यांच्या घरात आज भाजी कसली हे आम्हाला तीन घरं पलीकडे कळायचं. कारण गयामावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अकरा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. सुरुवातीला थोडं यायचं, मग तेही गेलं. आणि ऐकू येत नाही म्हणून हळूहळू मावशींनी बोलणंही सोडलं. त्या हसायच्या, मान हलवायच्या, हातावर शेवया वळत बसायच्या. नाना मात्र त्यांच्याशी दिवसभर ओरडून बोलत असत. दुसरीही सवय त्यांना लागली होती. जे बायकोपासून लपवायचं ते ते बायकोच्या समोर बसून खुशाल बोलायचे. मावशी समोर लसूण सोलतायत आणि नाना मला सांगतायत की धाकट्या मेव्हण्याला हजार रुपये दिलेत, हिला कळू द्यायचं नाही. मला संकोच वाटायचा, त्यांना नाही.

ते कार्ड त्यांना कसं मिळालं हाही एक घोळच. पेन्शन काढायला बँकेत गेले होते, तिथं एका पोरीनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, काका काका केलं आणि चार ठिकाणी सह्या घेतल्या. पाणी पाजणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, असं नाना मला म्हणाले. पंधरा दिवसांनी कार्ड घरी आलं. एक लाख वीस हजारांपर्यंत उधार मिळेल असं पत्रात होतं. नानांनी ते पेन्शनच्या पुस्तकाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं आणि वर्षभर फक्त पुसायला बाहेर काढलं.

मग एका दुपारी ते क्रांती चौकातल्या एका श्रवणयंत्राच्या दुकानाचं पत्रक घेऊन आले. डॉक्टरांनी मावशींचे कान तपासले होते. यंत्रानं फरक पडेल असं सांगितलं होतं. दोन्ही कानांची किंमत एक लाख दहा हजार, पण कार्डावर घेतली तर महिनाअखेरपर्यंत चौऱ्याण्णव. नाना खुर्चीत बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा हळू बोलले.

"अकरा वर्षं झाली सर, घरात मी एकटाच बोलायलोय. मपल्याच आवाजाचा कटाळा आला आता. ती काय म्हनती ते ऐकायचंय."

मी म्हटलं, बसा, बघू काय करता येतं ते. आमच्या गल्लीत वीस घरांची भिशी होती. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकानं पाच हजार टाकायचे आणि ज्याची पाळी त्यानं लाखभर उचलायचे. पाळ्या पहिल्याच दिवशी चिठ्ठ्या काढून ठरल्या होत्या. नानांची पाळी पुढच्या महिन्यात नाही, त्याच्या पुढच्या महिन्यात होती. मी पत्र वाचलं, माझं मलाच आधी समजेना, मग इंटरनेटवर बघितलं, कागदावर आकृती काढली. कार्डाचं बिल दर अठरा तारखेला निघतं आणि ते भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची आठ. म्हणजे सतरा तारखेला खरेदी केली तर तीन आठवड्यांत पैसे द्यावे लागणार, आणि एकोणीसला केली तर जवळपास पन्नास दिवस मिळणार. मला वाटलं हे नानांच्या पचनी पडायला आठवडा जाईल.

नाना म्हणाले, "म्हंजी पाळी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडायचं. मंग पुढची पाळी येस्तोर आपलंच पानी. त्यात काय एवढं?"

माझ्या बारावीच्या पोरांना हे इतक्या लवकर कधी कळलं नसतं. मी चाट पडलो. एकोणीसला यंत्र घ्यायचं, पाचला भिशी उचलायची, आठच्या आत सगळे पैसे एकदम भरायचे, एक रुपया व्याज नाही. मी खूश होऊन दोन गोष्टी आणखी बजावल्या. एक, एखाद-दोन दिवस मागेपुढे झालं तरी घाबरू नका, व्याज त्या उशिराच्या दिवसांचंच लागेल. दोन, फोनवर जो सहा आकडी नंबर येतो तो जगात कुणालाही सांगायचा नाही, बँकेच्या माणसालासुद्धा नाही. नानांनी दोन्ही गोष्टी माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतल्या. यातली पहिली साफ चुकीची होती. दुसरी बरोबर होती, आणि तिनं जास्त नुकसान केलं.

एकोणीस तारखेला आम्ही तिघं क्रांती चौकात गेलो. यंत्रं कानात बसवली, मुलीनं काहीतरी जुळवलं, आणि मावशी एकदम दचकल्या. दरवाज्याबाहेरून चौकातल्या गाड्यांचा गोंगाट आत येत होता. "हे रोजच असतंय का?" त्यांनी विचारलं. मी त्यांचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला, जाडसर आणि ठाम. नाना मोठ्यानं काहीतरी सांगायला लागले तशा त्या म्हणाल्या, "एवढं वरडता कामून? लोकं बघायलेत." नाना तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसायला लागले. दुकानातली मुलगीही हसली. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना, मी उगाच पत्रक वाचत बसलो.

पुढचा दीड महिना मावशी गल्लीत सगळ्यांना सुनावत फिरल्या. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. मला म्हणाल्या, सर, तुमची गाडी खोकायलीय, दाखवा कुणाला तरी. नानांशी तर दिवसभर वाद. भाकरीवरून, मेव्हण्यावरून, कोथिंबिरीच्या भावावरून. नाना भांडताना इतके आनंदात दिसायचे की माझी बायको म्हणाली, यांचं नवीन लग्न झालंय जणू.

मग पाच तारीख आली. भिशी रज्जाकभाईंच्या घरी होती. रज्जाकभाई कूलर दुरुस्त करायचे. उन्हाळा हाच त्यांचा हंगाम, एरवी हात रिकामे. त्यांच्या पाळीला अजून आठ महिने होते. पैसे गोळा झाले, नानांच्या हातात पिशवी दिली, तेव्हा कळलं की रज्जाकभाईंची बायको दवाखान्यात आहे, पोटात गाठ निघालीय आणि ऑपरेशन उद्याच करा म्हणतायत. रज्जाकभाईंनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. ते चहाचे कप गोळा करत होते.

नानांनी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हणाले, तुमची पाळी मला द्या, मपली तुम्ही घ्या. रज्जाकभाई म्हणत होते, "नाना, नक्को, आपका भी काम अटकेगा." नाना म्हणाले, "ज्याचं पीक जळायलंय त्याला आधी पानी. कालव्यावर बत्तीस वर्षं हेच केलं. माझं बघतो मी."

कार्डाचं फक्त मला माहीत होतं; मावशींना नानांनी यंत्रांची किंमतही सांगितली नव्हती. मी तिथं सतरंजीवर बसून होतो आणि बोललो नाही. बोलायचं तरी काय? एका बाजूला बाईचं ऑपरेशन, दुसऱ्या बाजूला आठ तारीख. माझी स्वतःची उचल दुसऱ्याच महिन्यात झाली होती आणि तिचा घरात एसी बसला होता. मला वाटलं, नाना कुठून तरी जमवतील, एक-दोन दिवस मागेपुढे. खरं सांगतो, मला स्वतःची लाज वाटली आणि नानांचा थोडा रागही आला. रज्जाकभाईंनी पुढे शब्द पाळला. आठ महिन्यांनी त्यांची पाळी आली तेव्हा ते आधी नानांच्या दारात पैसे ठेवून गेले. पण ते आठ महिन्यांनी.

आठ तारखेला मी परीक्षेच्या ड्यूटीवर होतो. नाना एकटेच बँकेत गेले. संध्याकाळी माझ्याकडे आले ते खुशीत. बँकेतल्या पोरीला त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. माझी पाळी बदलून द्या, माझ्यासारखा दुसरा कुणी कार्डवाला असंल ज्याला आठ महिन्यांनी भरायचेत, त्याचे आज घ्या, माझे तेव्हा घ्या. कालव्यावर दोन शेतकऱ्यांनी आपसात पाळी बदलली तर खात्याची ना नसायची, पाणी तेवढंच लागतं. पोरगी हसली नाही म्हणे, तिनं साहेबांना विचारून येते म्हटलं. परत येऊन म्हणाली, काका, असं होत नाही, पण या खरेदीचे आपण बारा हप्ते करू, व्याज कमी लागेल, तुम्हाला आत्ता एक नंबर येईल तो या मशीनवर टाका.

"नंबर आला," नाना म्हणाले. "पण टाकला नाय. तिनं लई फिरवून फिरवून इचारलं. मी म्हनलं, सरांनी सांगितलंय, कुनालाच नाय म्हंजी नाय."

आणि माझ्याकडे बघत राहिले, शाबासकीसाठी.

बँक बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन गेलो तर ती मुलगी म्हणाली, काल शेवटची तारीख होती सर. आम्ही त्या दिवशी त्यांनी मागितली ती किमान रक्कम भरली. नानांना ती रक्कम फार आवडली. चौऱ्याण्णव हजारांतले सध्या फक्त चार हजार सातशे द्या म्हणतात, म्हणजे भला माणूस आहे, असं ते म्हणाले. मागितलं त्यापेक्षा जास्त देणं त्यांना त्या माणसाचा अपमान वाटला असता. अर्थात जास्त द्यायला पैसेही नव्हते. पेन्शन चौदा हजार, त्यात भिशीचे पाच.

पुढचं बिल आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. व्याज उशिराच्या दिवसांचं नव्हतंच. सगळी रक्कम वेळेत भरली नाही म्हणून थेट खरेदीच्या दिवसापासून लावलं होतं, महिना साडेतीन टक्क्यांनी, वर उशिराचा दंड. मी नानांना ते समजावताना घामाघूम झालो.

"म्हंजी वायदा मोडला का मागं वाहून गेलेलं पानी बी मोजायचं?"

"हो."

"हे तुम्हाला आधी ठावं नव्हतं?"

"नव्हतं, नाना."

त्यांनी मान डोलावली. मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी वीस हजार देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. हप्त्यांसाठी नवा अर्ज केला, तो नाकारला गेला. का, ते बँकेतही कुणाला सांगता आलं नाही. दर महिन्याला पेन्शनमधून चार-साडेचार हजार जायचे आणि मूळ रक्कम हजार-बाराशेनं हलायची. नाना बिल उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, सर, एवढं पानी सोडतो अन् शेत काही भिजत नाय.

तिसऱ्या महिन्यात एकदा तारीख चुकली आणि बँकेकडून फोन सुरू झाले. एका सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. मावशी समोर शेंगा फोडत होत्या. फोन वाजला. नाना जुन्या सवयीनं तिथंच बसून मोठमोठ्यानं बोलायला लागले. हो साहेब, एक्क्याण्णव हजार राहिलेत, हो, कानाच्या मशीनचेच, घरात माहीत नाय साहेब, बायकोला कळलं तर मशीन काढून ठेवील. मी त्यांना खुणा करत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मावशींकडे बघितलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. फोन तसाच चालू राहिला. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता.

मावशींनी हातातल्या शेंगा ताटात ठेवल्या. दोन्ही कानांतली यंत्रं काढली, डबीत ठेवली, डबीचं झाकण लावलं आणि आत गेल्या. दुकान परत घेणार नव्हतं, मी आधीच विचारून आलो होतो. चार दिवस त्या घरातून आवाज आला नाही, मावशींचा नाही आणि नानांचाही नाही. गल्लीतले लोक मला विचारायला लागले, नाना आजारी आहेत का.

पाचव्या दिवशी मावशी एकट्याच माझ्या दारात उभ्या होत्या, कानात यंत्रं घालून. त्यांनी विचारलं, एकदम भरले तर सगळे मिळून किती. मी आकडा सांगितला. त्या बरं म्हणाल्या आणि कन्नडच्या गाडीला बसून भावाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, गेल्या. त्यांच्या लग्नात बापानं त्यांना दोन मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्या भावाच्याच कळपात राहिल्या. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी मावशींच्या नावावर. चाळीस वर्षांत त्यांनी त्यातलं एकही मेंढरू मागितलं नव्हतं. भावाच्या अडीअडचणीला किती विकली गेली कोण जाणे, पण अकरा शिल्लक होती. त्यातली नऊ त्यांनी विकली. मेंढरं जायच्या आधी दोन दिवस त्या वाड्यावरच राहिल्या. विकण्याआधी त्यांची ओरड ऐकून घेतली, असं त्यांनी मला सांगितलं, आणि सांगताना डोळ्याला पदर लावला.

बँकेत आम्ही तिघं गेलो. मावशी म्हणाल्या, "सर, समदे भरा. खरकटं ठेवू नका." पैसे भरले. नानांनी ते कार्ड परत करायला पुढे केलं तर मावशींनीच हात धरला. म्हणाल्या, ठेवा, पुन्हा लागंल, पन पैसे हातात असल्याबिगर उचलायचं नाय. इतक्या महिन्यांच्या आकृत्या काढून मला जे सांगता आलं नव्हतं ते त्यांनी बँकेत उभ्या उभ्या सांगितलं.

माझा गोंधळ इथूनच सुरू होतो. नानांनी पाळी बदलली नसती तर व्याज लागलं नसतं, आणि रज्जाकभाईंची बायको आजही गल्लीत गेलं की कूलरच्या टाक्या धुताना दिसते ती दिसली असती की नाही कोण जाणे. नंबर सांगितला असता तर हप्ते झाले असते, पण एखाद्या भामट्यालाही त्यांनी तो असाच सांगितला असता. मी वर्गात शहाणा ग्राहक हा धडा शिकवतो तेव्हा पोरं विचारतात, सर, मग त्यानं करायला काय पाहिजे होतं? मी घड्याळाकडे बघतो.

नाना मात्र त्यानंतर बोलेनासे झाले. काठी घेऊन हौद मोजायचे, पण हुकूम नाही. मेंढ्यांची गोष्ट त्यांना फार लागली होती. बायकोच्या माहेरच्या वस्तूला पुरुषानं हात लावायचा नसतो, आणि इथं तर अकरातल्या नऊ गेल्या होत्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. सामान टेम्पोत चढवलं, निरोप घ्यायला वळलो, तर दोघं त्यांच्या पायरीवर बसले होते. नाना खाली बघत होते. मावशी त्यांना म्हणत होत्या, "बोला की. गप बसायला का घेतलं हे लाखाचं? बोला, मला ऐकू येतंय."

नानांनी मान वर केली. मग त्यांनी तोंड मावशींच्या कानाशी नेलं आणि काहीतरी बोलले. अकरा वर्षं ज्यांची भाजीसुद्धा तीन घरांना कळायची, ते इतकं हळू बोलले की चार पावलांवर उभा असून मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मावशी आधी त्यांच्याकडे रोखून बघत राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी निरोप न घेताच टेम्पोत बसलो.